तीन लिटरचा व्याही

शनिवारी दुपारी प्यो दोकसू घरातून निघाला तेव्हा त्याचा हिशेब मनात मांडून झाला होता. जमेच्या बाजूला मुलीचं लग्न. बोरम तेहतिशीची झाली होती, म्हणजे लग्नाबरोबर बायकोची रोजची भुणभुण संपणार हीही जमाच. शिवाय जावई पाणीपुरवठा खात्यात कायम नोकरीचा, कमी बोलणारा आणि स्वतःचे मोजे स्वतः धुणारा. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम होती, पण ती लिव्हरच्या नावावर पडणार होती.

डॉक्टरने वसंतातच सांगून टाकलं होतं, "यापुढे एक थेंबही नाही." दोकसूने विचारलं, "बिअर चालेल ना?" डॉक्टर त्याच्याकडे असा काही बघत राहिला, की तांदळाच्या दारूबद्दलचा पुढचा प्रश्न दोकसूने गिळून टाकला. त्यानंतर त्याने गिळलेली दारू तेवढीच.

आता हे कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. सोलमधल्या मुल्ले भागातल्या लोखंडी गल्लीत दोकसूचं लेथचं वर्कशॉप होतं आणि पिण्यात त्याचं नाव त्या वर्कशॉपपेक्षा मोठं होतं. नवा माल पुरवायला आलेले दलाल त्याच्यासमोर बसायचे आणि टॅक्सीत घालून परत पाठवावे लागायचे. हे नाव कमवायला तीस वर्षं लागली होती. मार्चपासून तो कुठल्याही बैठकीला गेला नव्हता. गल्लीत लोक म्हणायचे, दोकसू शेठ हल्ली पैसा जमवतोय, पोरीचं लग्न असणार.

लग्न होतं, पण अजून ठरलं नव्हतं. मुलगा थेओ. त्याचा बाप तो शाळेत असतानाच गेला, तेव्हापासून त्याला वाढवलं मोठ्या काकांनी, म्हणजे मेंग सांगदो यांनी; तो त्यांना 'थोरले बाबा' म्हणायचा. सांगदोशेठ दक्षिणेला येऊसूच्या बंदरावर सुक्या मांदेलीचा व्यापार करत. दोन्ही घरांची रीतसर भेट पुढच्या महिन्यात व्हायची होती, आया-बाया, नवे कपडे आणि न संपणारी ताटं यांच्यासकट. पण सांगदोशेठ एका मित्राच्या मुलाच्या लग्नाला सोलला येणार होते आणि त्यांनी निरोप धाडला, की त्याआधी मुलीच्या वडिलांबरोबर एकदा प्यायला बसायचंय. जेवताना माणूस नाटक करतो, पिताना करत नाही, असं त्यांचं मत होतं. माणूस पसंत पडला की ते त्याला 'व्याही' म्हणणार होते. नाही पडला तर 'प्यो शेठ, भेटून आनंद झाला' म्हणून बस पकडणार होते. थेओ कितीही बोरमवर जीव टाको, थोरल्या बाबांचा शब्द मोडून तो बोहल्यावर चढणारा नव्हता. हे बोरमनेच सांगितलं होतं, आणि सांगताना ती रागावलेली नव्हती, म्हणजे खरंच असणार.

"सांगून टाका ना त्यांना लिव्हरचं," बोरमची आई म्हणाली होती.

"काय सांगू? की तुमच्या पुतण्याला मिळतोय तो सासरा नादुरुस्त आहे? आपल्याला मुलगा नाही. उद्या माझ्या दवाखान्याच्या चकरा कोणाच्या गळ्यात? जावयाच्याच. तो माणूस व्यापारी आहे, त्याला हे कळायला किती वेळ लागेल?"

"मग पिऊ नका."

"मुलाच्या काकाने पुढे केलेला ग्लास परत करू? म्हणजे मुलगाच नको म्हटल्यासारखं."

"मग जाऊच नका."

"ते तर त्याहून वाईट."

"मग मरा," असं म्हणून ती मुळा कापायला बसली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "आल्यावर दारात 'हा' करून दाखवायचं."

हा 'हा' त्या घरात जुना होता. दोकसू रात्री आला, की बायको दारात उभी राहून म्हणायची, "हा करा." तो तोंड उघडून हा करायचा, ती वास घ्यायची, आणि त्या वासावरून उद्याच्या नाश्त्याला सूप मिळणार की शिव्या, ते ठरायचं. मार्चपासून ही तपासणी कडक झाली होती.

यातून वाट काढली बोरमने. "सोजूसारखी कडक दारू देतात त्या दुकानात नको. तिथे छोटे ग्लास, बाटली थोरल्या बाबांच्या हातात, सुटका नाही. आपण मुल्लेतच जाऊ. जुन्या पाइप कारखान्यात आता बिअर बनवतात, तिथेच विकतात. मनगटाला पट्टा बांधतात, भिंतीत नळ आहेत. पट्टा टेकवला की नळ उघडतो. हवी तेवढी आपली आपण घ्यायची. कोण किती प्यायलं, कोण बघतंय?"

"ज्याने त्याने आपलं भरायचं?"

"ज्याने त्याने."

दोकसूने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. पोरगी आईवर गेली नव्हती.

तर तो पाइप कारखाना. दोकसूने तरुणपणी याच कारखान्याचे रोलर लेथवर उतरवले होते. छताखालचा क्रेनचा गर्डर तसाच होता, फक्त आता त्याला दिवे लटकवले होते. मागे काचेपलीकडे स्टीलच्या चार उंच टाक्या, आणि सगळीकडे जव शिजल्याचा वास, म्हशीच्या आंबोणासारखा. दारातल्या काउंटरवरच्या मुलीने, तिच्या पायात गमबूट होते, म्हणजे बिअर बनवणारीही तीच असावी, चौघांच्या मनगटांना पट्टे बांधले आणि पाठ केलेलं बोलली, "नळाखाली ग्लास तिरका धरा, पट्टा टेकवा, जेवढी घ्याल तेवढी पट्ट्यावर चढेल. एका पट्ट्यावर तीन लिटर झाले की तो बंद होतो. तब्येतीसाठी." दोकसूने तीन लिटर हे ऐकून सोडून दिलं. आज त्याच्या पट्ट्यावर तीन थेंबही चढणार नव्हते. थेओ बुटाची नाडी बांधायची म्हणून दाराशी जरा मागे रेंगाळला आणि मग आला.

सांगदोशेठ बुटके, ताठ आणि बंदरावरच्या उन्हाने भाजलेले होते. हातात कागदी पिशवी, तिच्यात घरची मांदेली आणि तिखट लाल चटणीची बरणी. त्यांनी मनगटावरच्या पट्ट्याकडे नापसंतीने पाहिलं.

"हे दवाखान्यात बांधतात तसलं आहे."

दवाखाना शब्द ऐकून दोकसूला ठसका लागला.

"प्यो शेठ, तुमचा जन्म कुठल्या प्राण्याच्या साली?"

"सशाच्या."

"मी डुकराच्या. म्हणजे चार वर्षांनी मोठा." हे ठरल्यावर सांगदोशेठ जरा सैलावून बसले. कोण कोणापुढे किती वाकायचं, ते आता दोघांनाही माहीत होतं.

बोरम उत्साहाने म्हणाली, "थोरले बाबा, चला नळ दाखवते. इथे आपलं आपणच भरायचं असतं."

सांगदोशेठ जागचे हलले नाहीत. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग थेओकडे, मग दोकसूकडे.

"आपलं आपण? मला काय कोणी नाही?"

बोरम अर्धवट उठली होती, ती परत बसली.

"पोरी, स्वतःचा ग्लास स्वतः भरला तर समोरच्याला तीन वर्षं साडेसाती लागते. माझ्या समोर कोण बसलंय? तुझा बाप. मी त्यांना साडेसाती लावायला एवढ्या लांब आलो का?"

बोरमने ओठ चावला. तिच्या सगळ्या बेतात ही एक गोष्ट तिने धरलीच नव्हती, आणि दोकसूच्याही लक्षात आली नव्हती. यंत्र कितीही आपलं आपलं म्हणो, माणसं तीच होती.

"थेओ, ऊठ. शेठना एक भरून आण. मोठा."

थेओने भरून आणला. वर दोन बोटं फेस. सांगदोशेठनी तो ग्लास त्याच्या हातातून घेतला आणि दोन्ही हातांनी दोकसूपुढे धरला. दोकसूने दोन्ही हातांनी घेतला. दुसरा मार्गच नव्हता. टेबलाखाली बोरमचा बूट त्याच्या नडगीवर दाबला गेला.

तेव्हा दोकसूला आपल्या सशाच्या सालाची आठवण झाली. मोठ्यांसमोर प्यायचं तर तोंड वळवून प्यायचं. तो चार वर्षांनी लहान होता. त्याने आदराने मान वळवली, भिंतीकडे तोंड केलं, डाव्या हाताचा आडोसा धरला, ग्लास तिरका केला, आणि फेस ओठाला लागला तेवढ्यावर थांबला. घशाची हालचाल मात्र त्याने चोख केली. तीस वर्षांचा सराव होता.

"शेठ, आता तुमचा ग्लास कोरडा कसा?" असं म्हणत तो लगेच उठला. एका हातात आपला ग्लास, दुसऱ्या हातात सांगदोशेठचा. नळांच्या भिंतीपाशी खाली एक स्टीलची जाळी होती, सांडलेलं वाहून जायला. उतार चांगला काढला होता, कारागिराला माणसाने दाद द्यावी असा. दोकसूने पाठ टेबलाकडे ठेवली आणि आपला ग्लास तिथे हळूच रिता केला. एक थेंब मागे राहिला नाही. मग सांगदोशेठचा ग्लास काठोकाठ भरला. आणि आपल्या ग्लासात, रिकामा दिसायला नको म्हणून, थोडी घेतली. स्वतःच्या हाताने. समोर भिंतच होती, भिंतीला साडेसाती लागली तर लागो.

बेत बसला. भरणारा माणूस कायम पायावर असतो आणि पायावर असलेल्या माणसाला कोणी पी म्हणत नाही. शिवाय मोठ्याला भरून देणं हा मान. दोकसूने मान द्यायचा सपाटा लावला. सांगदोशेठचा ग्लास अर्धा झाला की हा उभा.

"अहो बसा, थेओ आणेल."

"छे, छे. तुम्ही एवढ्या लांबून आलात."

काळी बिअर आणली. सांगदोशेठ म्हणाले, "करपलीय. पण चांगली करपलीय." मग पाच चवींच्या लाल फळाची आंबट आणली. ती पिऊन त्यांनी एक डोळा मिटला. "ही बिअर नाही, हे भांडण आहे." पण संपवली. दरवेळी दोकसू आपलाही ग्लास बरोबर नेई, जाळीला पाजून आणी आणि परत थोडा भरून घेई. टेबलावर तो चटणी लावून मांदेली खाई. मांदेली खरंच चांगली होती, कुरकुरीत, डोकं न काढलेली.

"मांदेलीचं डोकं टाकणारा माणूस मला चालत नाही," सांगदोशेठ म्हणाले.

"डोक्यातच तर चव असते," दोकसू म्हणाला, आणि हे एक वाक्य तरी पूर्ण खरं होतं.

दुसऱ्या फेरीनंतर कधीतरी थेओने आपली खुर्ची उचलून थोडी डावीकडे सरकवली. डोळ्यांवर दिवा येतो म्हणाला. त्याच्या रुंद पाठीमुळे टेबलावरून नळांची भिंत दिसेनाशी झाली. दोकसूच्या ते पथ्यावरच पडलं. योगायोग चांगला होता, म्हणून त्याने तो तपासला नाही.

बोलणं रंगलं. सांगदोशेठनी मांदेलीचे भाव सांगितले, दोकसूने लोखंडाचे. एकाचे चढत होते, एकाचे उतरत होते, दोघांचंही नुकसान होत होतं, त्यामुळे दोघांना एकमेकांबद्दल आपुलकी वाटली. सांगदोशेठचा चेहरा आधी तांबूस, मग लाल आणि मग त्या चटणीच्या रंगाचा झाला. पण दोकसू उठला, की तेही ग्लास झटक्यात संपवून पुढे करत. बोरम मधूनमधून बापाच्या तळाला गेलेल्या ग्लासाकडे बघे आणि तिचा चेहरा उतरत जाई. एकदा ती कुजबुजली, "अप्पा, पुरे." दोकसू तिला डोळ्यांनी म्हणाला, गप्प बस. ती त्याचे डोळे वाचू शकली नाही. तिला फक्त एवढं दिसलं, की बाप परत परत नळापाशी जातो आणि त्याचा ग्लास दरवेळी तळाला गेलेला असतो.

दोकसू सातव्यांदा की आठव्यांदा नळापाशी गेला आणि पट्टा टेकवला, तर नळ उघडला नाही. परत टेकवला. नळावर लाल दिवा लागला. गमबूटवाली मुलगी लगबगीने आली आणि त्याच्या टेबलापर्यंत आदराने त्याच्याबरोबर चालली, जणू तो वाटेत पडेल.

"काका, तुमचे तीन लिटर झालेत. आता नळ उघडायचा नाही. गार पाणी देऊ का? की बसायला मदत करू?"

तिचा आवाज मायेचा होता आणि चांगला मोठा होता. शेजारच्या टेबलावरच्या दोन तरुणांनी मान वळवून पाहिलं.

सांगदोशेठ टेबलाला धरून उठले. "किती?"

"तीन लिटर."

"यांनी?"

"पट्ट्यावर आहे ना."

सांगदोशेठनी दोकसूला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तीन लिटर. आणि पाय बघा या माणसाचे. खांबासारखे."

इकडे बोरमचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. "अप्पा, जरा इकडे या," म्हणत तिने बापाचं कोपर धरलं आणि त्याला टाक्यांच्या बाजूच्या बोळात नेलं, जिथे जवाची पोती रचली होती.

"तीन लिटर, अप्पा? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मला नको असलं लग्न. कळलं? तुम्हाला मारून मला नवरा नकोय. चला, आत्ता हॉस्पिटलमध्ये."

"अगं..."

"टॅक्सी बोलावते."

"बोरम, ऐक तरी."

तिने फोन काढला होता. मग दोकसूने घरात जे करायचा तेच केलं. वाकला, तोंड उघडलं आणि तिच्या नाकासमोर मोठा हा केला.

बोरमने आधी मान मागे घेतली. मग थांबली. मग पुन्हा पुढे आली.

"परत."

त्याने परत केला. तिने आईसारखे डोळे बारीक करून वास घेतला. मांदेली. चटणी. लसूण. बाकी काही नाही.

ती मागच्या पोत्यावर बसली. फोन मांडीवर पडला. मग तिला हसू फुटलं आणि ते लवकर थांबेना. तिने तोंडावर हात धरला, तरी खांदे हलत होते.

"मग तीन लिटर गेले कुठे?"

"दोनेक लिटर तुझ्या थोरल्या बाबांच्या पोटात. उरलेले जाळीत. जाळी चांगली आहे. उतार बघितलास?"

"मी इथे अर्धी मेले आणि तुम्ही उतार बघताय." तिने डोळे पुसले. "चला. तिकडे ते तुम्हाला पैलवान समजून बसलेत."

पैलवान समजले होतेच. सांगदोशेठ उभेच होते, एक हात थेओच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात मांदेलीची पिशवी.

"शेठ, बिअरने तुमचं काय होणार? ही झाली पहिली बैठक. आता दुसरी. मला स्टेशनजवळ एक दुकान माहीत आहे, तिथे सोजू आणि येऊसूची कालवं मिळतात. तुमच्यासारख्या माणसाबरोबर बसलं, की मग बोलायचं ते बोलता येतं."

बोलायचं ते, म्हणजे तो शब्द. तो सांगदोशेठच्या ओठांवर येऊन बसलेला दोकसूला दिसत होता. आता फक्त हो म्हणायचं होतं.

दोकसूने पुन्हा हिशेब केला. सोजूच्या दुकानात जाळी नव्हती. असली तरी आज निभावेल. पण हा तीन लिटरवाला म्हणून एकदा नाव पडलं, की पुढे काय? चंद्रोत्सवाला येऊसूला जायचं, प्यायचं. नातवंड झालं की त्याच्या शंभराव्या दिवशी प्यायचं. पूर्वजांच्या पूजेला प्यायचं. हा भला माणूस दरवेळी दोन्ही हातांनी ग्लास पुढे करणार. एका जाळीवर किती सण काढणार? आणि एखाद्या सणाला जाळी मिळाली नाही म्हणजे बोरम आज पोत्यावर बसली तशी कुठेतरी बसणार, आणि त्या वेळी हा करूनही भागणार नाही.

"शेठ," तो म्हणाला, "मी एक थेंबही प्यायलेलो नाही."

"हां," सांगदोशेठ कौतुकाने हसले. "खरे पिणारे असंच म्हणतात."

"खरंच नाही. तुम्हाला पाजली आणि माझी त्या जाळीत ओतली. लिव्हर बिघडलंय. डॉक्टरांनी बंद केलीय. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता आजारी सासरा कशाला गळ्यात. न पिता बसलो असतो, तर म्हणाला असता मुलगा पसंत नाही. म्हणून हे सगळं केलं. लाज वाटते, पण केलं."

सांगदोशेठचा चटणीच्या रंगाचा चेहरा हलला नाही. त्यांनी थेओकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"जाळीचं माहीत होतं, थोरले बाबा," थेओ म्हणाला. "लिव्हरचं नव्हतं. मला वाटलं, काकांना बिअर आवडली नसेल आणि तुमच्यासमोर बोलवत नसेल. म्हणून खुर्ची सरकवली."

"दिवा डोळ्यांवर येतो म्हणालास."

"येतही होता थोडा."

सांगदोशेठ खुर्चीत बसले. बसले म्हणजे अंग सोडूनच दिलं. बराच वेळ ते त्या नळाखालच्या जाळीकडे बघत होते. थेओने खुर्ची आता बाजूला घेतली होती, त्यामुळे ती स्वच्छ दिसत होती.

"याचा बाप," ते थेओकडे बोट न करता म्हणाले, "माझा धाकटा. कोणी ग्लास पुढे केला की तो घ्यायचा. मी केला तरी घ्यायचा. मोठा भाऊ देतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? त्याला एवढी अक्कल असती, की मोठ्या भावाकडे पाठ करून एखादा ग्लास मोरीत ओतावा, तर आज या खुर्चीत तो बसला असता. मी नसतो."

थेओ टेबलावरच्या मांदेलीच्या चुऱ्याकडे बघत राहिला. बोरमने हळूच त्याच्या बाहीला हात लावला.

मग सांगदोशेठनी लांब श्वास सोडला.

"आणि दुसरं सांगू? तुम्ही सोजूला हो म्हणाल, याचीच मला धास्ती होती. मी दोन ग्लासवाला माणूस आहे. दोन. पण हा माणूस पीत होता आणि उभा राहत होता, पीत होता आणि उभा राहत होता. मुलाचा काका होऊन मी मागे राहू? थेओची इज्जत काय राहिली असती? मघापासून मला दोन-दोन बोरम दिसतायत. दोन्ही चांगल्या आहेत, पण जावई मी एकीलाच करून घेऊ शकतो."

"सून," थेओ म्हणाला.

"सून. बघ, एवढी चढलीय." त्यांनी हात वर केला आणि गमबूटवालीला बोलावलं. "मुली, पाणी आण. गार. मला एक आणि माझ्या व्याह्यांना एक."

दोकसूने मान खाली घातली. आदराने नव्हे, डोळ्यांचं काहीतरी झालं म्हणून. पाणी आलं तेव्हा सांगदोशेठनी जग उचलून त्याचा ग्लास भरला, दोकसूने त्यांचा. या वेळी त्याने तोंड वळवलं नाही. समोरासमोर प्यायला, तळापर्यंत. "काळीपेक्षा बरं आहे, भांडणापेक्षा तर खूपच," सांगदोशेठ म्हणाले.

निघताना सांगदोशेठ मुतारीत जातो म्हणून उठले आणि थेट काउंटरला गेले. ही चाल दोकसूने आयुष्यात शंभरदा खेळली होती, त्यामुळे तोही मागोमाग पोचला. सांगदोशेठनी पट्टा पुढे केला. मुलीने तो यंत्राला लावला.

"काका, तुमच्या पट्ट्यावर काहीच नाही. तुम्ही आज काही घेतलंच नाहीत."

सांगदोशेठ काउंटरला धरून डुलत होते. "हे मला कागदावर द्याल? बायकोला दाखवायचंय."

"या काकांचे मात्र पूर्ण तीन लिटर आहेत."

"त्यांचे मी देतो." सांगदोशेठनी दोकसूचं मनगट पकडलं.

"व्याही, सोडा."

"तुम्ही सोडा, व्याही."

दोकसूने हात पाठीमागे नेला, सांगदोशेठ हातामागून गेले, आणि दोन म्हातारे त्या काउंटरसमोर एकमेकांभोवती गोल फिरू लागले. मुलगी थोडा वेळ बघत राहिली.

"पैसे झालेत," ती म्हणाली. "चारही पट्टे एकाच कार्डावर आहेत. आत येतानाच दिलंय."

दोघे थांबले. थेओ दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती मघाशीही सुटलेली नव्हती आणि आत्ताही नव्हती.

तर शेवटी हिशेब असा निघाला. पैसे थेओने दिले, सासऱ्याने जाळीत ओतलेल्या लिटरभराचेसुद्धा. सांगदोशेठनी डोकं दिलं, ते दुसऱ्या दिवशी बस येऊसूला पोचेपर्यंत ठणकत होतं. दोकसूने आपलं तीस वर्षांचं नाव दिलं, कारण मांदेलीच्या बाजारात आणि तिथून लोखंडी गल्लीत ती जाळीची गोष्ट आठवड्याच्या आत पोचली. घरी दारात बायकोने दोनदा हा करायला लावला, दुसरा हा विश्वास बसावा म्हणून, आणि मग आत जाऊन सूप गरम करायला ठेवलं. लिव्हरच्या नावावर मांडलेला खर्च तेवढा झालाच नाही.